पंधरावा अर्ज

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दारावर पाटी लागली. ‘कॅथलिक अभ्यास केंद्र’. सुतार चार स्क्रू पिळून निघून गेला आणि मी व्हरांड्यात दहा मिनिटं उभी राहून आपलीच पाटी वाचत राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, बाईला अक्षरओळख नवीन दिसतेय.

बावीस वर्षं परीक्षा विभागात काढली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लाखेची सीलं, फेरतपासणीचे अर्ज आणि रडवेले पालक. छप्पन्नाव्या वर्षी कोण कुणाला नवं काम देतं? पण मला दिलं. समन्वयक! म्हणजे पत्रं लिहायची मी, फोन घ्यायचे मी आणि खुर्च्या कमी पडल्या की शेजारच्या विभागातून ओढून आणायच्याही मीच. तरी सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत.

खोली भूगोल विभागाची, नकाशे ठेवायची. ते रुंद बसके कप्पे तसेच आहेत आणि त्यांवरची लेबलं खरवडूनही निघत नाहीत. म्हणून आमच्या पदविकेचा इतिहासाचा पेपर ‘वाळवंटे’मध्ये ठेवलाय, तत्त्वज्ञान ‘ध्रुवप्रदेशा’त आणि चर्चमधली कला व संगीत ‘महासागर’मध्ये. मला तर हीच व्यवस्था बरोबर वाटायला लागली आहे.

संचालक म्हणजे फादर. धर्मगुरू आहेत आणि इतिहासाचे प्राध्यापकही. चहा घेणार का एवढं विचारलं तरी उत्तराला दोन पुरवण्या जोडतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात तळटीप म्हणते. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त चालू शतकात कमी असतो.

कुलसचिवांनी अट घातली आहे. ७ मार्चला विद्या परिषदेची बैठक आहे. तिच्या आदल्या दिवशी, गुरुवारी चार वाजेपर्यंत, पदविकेला पंधरा पक्के प्रवेश दाखवायचे. चौदा झाले तरी चालणार नाही. नाही जमलं तर केंद्र बंद, खोली परत भूगोलाला आणि मी परत लाखेच्या वासात. आज सहा अर्ज आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्रिका छापून आल्या. उद्घाटन ५ मार्च, बुधवार, सकाळी अकरा वाजता, बिशपांच्या हस्ते, त्यानंतर स्नेहभोजन. तारखेवर माझी, फादरांची आणि कुलसचिवांची अशा तीन सह्या आहेत. परिषदेच्या दोनच दिवस आधी सगळा गाजावाजा, म्हणजे त्याच गर्दीतून उरलेले अर्ज भरून घ्यायचे. कल्पना माझीच. आचाऱ्याला दीडशे पानं सांगितली, मटण आणि कोंबडी दोन्ही, आपल्या केंद्राची पहिली पंगत कशी जोरात झाली पाहिजे.

एक पत्रिका ताईलाही टाकली, टाकायची म्हणून. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती अठराव्या वर्षी सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेली तेव्हा मी दहाची होते. तिथे तिला नवं नाव मिळालं, पांढरा झगा मिळाला, आणि मला घर मिळालं. आईचं आजारपण मी काढलं, बाबांचं मी काढलं. बाबांना पुरलं त्या दिवशी ती तासभर आली, प्रार्थना म्हणाली आणि बस पकडून गेली. तेव्हापासून मी चर्चला जाणं सोडलं. आमचे हे दर रविवारी न चुकता चर्चमध्ये मिस्सेला, प्रार्थनेला जातात आणि मी घरी शब्दकोडं सोडवते. नाताळला तिचं एक कार्ड येतं, माझं एक जातं, संपलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तोंडचं पाणी पळालंय. तरी लिहायलाच हवं.

दुपारी ताईचा फोन आला. ऑफिसात. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, तरी ओळखायला क्षण लागला नाही.

“मी राख चाळतेय,” ती म्हणाली, “आणि तुझी पत्रिका समोर ठेवलीय. ही राख आम्ही पाच मार्चसाठी कशाला पाठवतो असं तुला वाटतं?”

राखेचा बुधवार! ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. मागच्या वर्षी ईस्टरआधी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळून राख करायची, चाळून सगळ्या चर्चना पाठवायची आणि त्या दिवशी धर्मगुरूंनी ती लोकांच्या कपाळाला लावायची. मांस वर्ज्य, दिवसातून एकदाच पोटभर जेवण. आणि कॅथलिक अभ्यास केंद्र त्याच दिवशी दीडशे पानं मटण वाढणार, बिशपांच्या उपस्थितीत.

मी धावत फादरांच्या खोलीत गेले. त्यांनी पत्रिका वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली आणि मटकन खुर्चीत बसले. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, ती चंद्रावरून काढतात. ती कशी काढायची, तिच्यावरून किती भांडणं झाली, यावर चारशे पानांचा ग्रंथ लिहिलेला माणूस माझ्यासमोर बसला होता. “हे माझ्या दुसऱ्या प्रकरणात आहे,” ते हळूच म्हणाले. मला हसू फुटलं. इतकं वाईट हसू फुटलं की मला व्हरांड्यात जावं लागलं.

कुलसचिव म्हणाले, सभागृह दुसऱ्या कुठल्या दिवशी रिकामं नाही आणि परिषद पुढे जाणार नाही. बिशपांच्या कार्यालयातून अतिशय गोड शब्दांत कळवलं की त्या दिवशी बिशप सकाळपासून संध्याकाळपर्यंत राख लावण्यात असतील. घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, “मला दिसलं होतं. मला वाटलं मुद्दाम ठेवलंय. अभ्यास केंद्र आहे, काहीतरी सखोल असेल.” मी कपाळाला हात लावला.

ताईने फोन ठेवायच्या आधी भरपूर चौकशी केली. काय काय शिकवणार, परीक्षा लेखी की तोंडी, वयाची अट आहे का. तपासणीस आल्यासारखी. मी म्हटलं तुमच्या नव्या मुली असतील तर पाठव, मला नावं हवीच आहेत. बघते म्हणाली. तिच्या बघण्यावर मी कशाला अवलंबून राहू?

२४ फेब्रुवारी, सोमवार

एक्केचाळीस खोकी पुस्तकं आली. नोंदवहीत चढवायची आहेत, पण एक उघडलं की चढवायचं राहूनच जातं. आज जेवणाचा डबा तसाच परत नेला. कुणीतरी सातशे वर्षांपूर्वी एका मठात किती मेणबत्त्या जळाल्या त्याची यादी केली आहे, आणि ती वाचताना मला गंमत वाटते! काय झालंय मला?

ताईचा परत फोन. हा तिसरा, मधला नुसता अभ्यासक्रमाच्या चौकशीचा होता. या वेळी मात्र कामाचं बोलली. म्हणाली तारीख बदलता येत नसेल तर जेवण बदला. तिच्या कॉन्व्हेंटमध्ये चर्चना लागणाऱ्या भाकरीच्या पातळ चकत्या भाजतात, मिस्सेत वाटतात त्या. ताईने गेली चाळीस वर्षं तेच काम केलंय. भट्टी मोठी आहे, आम्ही साधा पाव भाजून आणतो, तुम्ही फक्त सूप करा, म्हणाली. फादरांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. उद्घाटन करायला बिशप नसतील तर नसू देत, आपण आपली चूकच लोकांसमोर ठेवू, मी त्याच तारखेवर बोलतो, म्हणाले. आचाऱ्याला फोन केला. त्याने मटण रद्द केलं आणि मला चार शब्द ऐकवले, ते मी ऐकून घेतले.

एवढं सगळं छान झाल्यावर ताईने शेवटी विचारलंच. बाबांची कागदांची ती पत्र्याची पेटी अजून तुझ्याकडे आहे का? माझं डोकंच फिरलं. सेहेचाळीस वर्षांनी आठवण झाली! आता आईबाबांच्या लग्नाचा फोटो हवा असेल, नाहीतर बाबांचं घड्याळ. दुखण्यांच्या वेळी कुठे होती? मी म्हटलं, पेटी आहे पण किल्ली सापडत नाही. खोटं बोलले. किल्ली माझ्या जुडग्यातच आहे.

ती म्हणाली, राहू दे गं, सहज विचारलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ झाले. त्यात एक परिचारिका आहे आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, दोघेही चर्चच्या वाटेला न जाणारे. पोस्टमास्तर म्हणाले, मला फक्त हे समजून घ्यायचंय की इतकी माणसं इतकी वर्षं एकाच गोष्टीवर कशी काय वाद घालू शकतात. फादर इतके खूश झाले की त्यांनी त्यांना आपला चहा दिला.

आज भित्तिपत्रकं लावली. ‘चुकलेली तारीख : ईस्टरचा दिवस कसा काढतात आणि तो काढणाऱ्याच्याच हातून कसा निसटतो’. शब्द माझे! भौतिकशास्त्राच्या इमारतीत लावत होते तर मुलं तिथेच उभी राहून वाचायला लागली आणि एकाने विचारलं, त्याच प्राध्यापकांच्या हातून निसटला का? मी म्हटलं, त्यांच्या आणि माझ्याही. म्हणाला, मग येतो.

४ मार्च, मंगळवार

मागच्या गुरुवारपासून एकही नवा अर्ज नाही, हे खरं नाही, एक आला, पण देणारा दुपारी येऊन तो परत घेऊन गेला. नऊच. म्हणजे उद्या आणि परवा मिळून सहा. परीक्षा विभागातल्या माझ्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. तुमचं टेबल अजून रिकामंच आहे म्हणाले, मायेने. मला इतका राग आला की मी त्यांना धन्यवाद म्हणून फोन ठेवला. मला परत जायचं नाही. एकदा लिहूनच टाकते, मला अजिबात परत जायचं नाही.

५ मार्च, बुधवार

काय दिवस होता! कुठून सुरुवात करू?

सभागृहात दीडशे खुर्च्या, माणसं दोनशेच्या वर. अर्ध्या लोकांच्या कपाळावर राख, अर्ध्यांच्या नाही, आणि सगळे भिंतीला टेकून, पायऱ्यांवर, मिळेल तिथे. फादर व्यासपीठावर गेले, कपाळावर राखेचा ठिपका, आणि म्हणाले, “मी या विषयावर चारशे पानं लिहिली आहेत आणि तुमच्या हातातल्या पत्रिकेवर माझी सही आहे.” सभागृह जे हसलं ते थांबेचना.

मग त्यांनी फळा मागवला. वसंतात दिवस आणि रात्र सारखे होतात ती तारीख, तिच्यानंतरची पौर्णिमा, पौर्णिमेनंतरचा रविवार. तो ईस्टर. तिथून मागे मोजत आलं की राखेचा बुधवार. पण चर्चचा चंद्र आकाशातला नसतो, तक्त्यातला असतो, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. हा माणूस इतकं सरळ बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. एकही तळटीप नाही! त्यांनी एक जुनं वर्ष दिलं आणि भौतिकशास्त्राच्या मुलाला म्हणाले, काढ तारीख. तो फळ्यावर भागाकार करत राहिला, आणि मागून आवाज आला, “अकरा एप्रिल.”

ताई. पावाच्या टोपलीशेजारी उभी, बोटांची पेरं मोजत. फादरांनी आपल्या कागदावर बघितलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बरोबर होतं. तिला सवय असणार, राख कधी लागणार ते दरवर्षी बघावं लागत असेल. भौतिकशास्त्राचा मुलगा तिला किती वेळ काहीतरी विचारत होता.

ती तीन सिस्टर्सना घेऊन आली होती. बाबांच्या वेळेपेक्षा खूप बारीक झाली आहे. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून पाव वाटला, बोललो फक्त पावाबद्दल. सूप संपलं, पाव पुरला. अर्जांच्या टेबलाशी मी चार जणांचे अर्ज भरून घेतले, तिथेच, उभ्याउभ्या. तेरा!

जाताना ताईने टेबलावरचा एक कोरा अर्ज उचलून घडी करून टोपलीत ठेवला. उरलेले तुकडे गुंडाळायला असेल. मला म्हणायचं होतं की अगं, छापील अर्ज आहेत, मोजके आहेत, पण एवढा पाव आणलेल्या बाईला काय बोलायचं.

६ मार्च, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

बारा वाजता भौतिकशास्त्राचा मुलगा अर्ज देऊन गेला. चौदा. एक वाजता मी व्हरांड्यात जाऊन ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं. सफाईवाल्या बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, माझे गुडघे शिकू देतील तर ना. दोन वाजले. अडीच वाजले. फादर खिडकीशी उभे होते. मी इकडचे कागद तिकडे करत होते आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून कप्प्यांची लेबलं वाचत होते.

पावणेतीनला ताई दारात. एकटी, बसने आली होती. हातात कालची घडी.

ती खुर्चीवर बसली नाही. अर्ज टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट करत राहिली. सुबक अक्षरात सगळं भरलेलं होतं. वय चौसष्ट. व्यवसाय, भाकरी भाजणे. मी आधी वाचलं, मग परत वाचलं, आणि मला वाटलं चुकून कुणा नव्या मुलीऐवजी हिने आपलं लिहिलंय.

“हे तुझं आहे,” मी म्हटलं.

“कॉन्व्हेंटच्या मदरची परवानगी आहे,” ताई म्हणाली. “जानेवारीतच घेतली. चर्चच्या पत्रकात आलं होतं, असं केंद्र होणार आहे म्हणून.” मग थोडं थांबून म्हणाली, “शाळेचा दाखला नाही माझ्याकडे. जाताना काही नेलं नव्हतं. तो पेटीत असेल.”

पेटी. मला कुठे बघावं ते कळेना. मी यांना फोन केला, माझ्या जुडग्यातली पितळी किल्ली, टेबलाच्या खणात बघा, पेटी उघडा, वेळ घालवू नका. हे एरवी चपला शोधायला पाव तास लावतात, आज वीस मिनिटांत दाखला घेऊन हजर.

मी तो दाखला आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. गणित, शंभरपैकी शहाण्णव. शाळेत पहिली. मला कुणी सांगितलं कसं नाही? का सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं?

माझ्या तोंडून निघून गेलं, “तू माझ्यासाठी शिक्षण सोडलंस का? दोघींचं झेपणार नव्हतं म्हणून?”

ताई हसली. “नाही गं. मला जायचंच होतं, मनापासून. आणि मला शिकायचंही होतं. दोन्ही एकदम मागायची लाज वाटली.”

अर्ज, दाखला आणि ओळखपत्राची प्रत प्रवेश कक्षात पोचवून आले, तर पावणेचारला तिथून फोन, की नाव जुळत नाही. दाखल्यावर घरचं नाव, ओळखपत्रावर कॉन्व्हेंटमधलं नाव. त्यांच्या लेखी या दोन वेगवेगळ्या बायका. फादर सांगायला गेले की व्रत घेताना नाव बदलण्याची पद्धत कितव्या शतकापासून आहे, आणि मी त्यांच्या हातून फोन काढून घेतला. बावीस वर्षं असलेच अर्ज हाताळलेत मी. म्हटलं, सख्ख्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र चालतं, नियम अकरा. चालतं, म्हणाले, पण आणणार कुठून चारच्या आत?

मी लिहायला बसले. ‘मी खाली सही करणारी असे जाहीर करते, की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती माझी’ इथपर्यंत हात चालला आणि पुढे थांबला. हे म्हणाले, अगं लिही, चार वाजायला आठ मिनिटं आहेत. ‘थोरली बहीण आहे’ असं लिहिलं आणि सही केली.

चारला तीन मिनिटं असताना कागद जमा झाले. फादरांनी पोच हातात धरून मला दाखवली, जणू एरवी ती मला दिसणारच नव्हती.

ताईला बसवर सोडायला गेले. सरळ का नाही सांगितलंस, मी विचारलं, इतके फोन केलेस, मी तुला किल्ली सापडत नाही म्हणाले.

“तू नाही म्हणाली असतीस तर?” ताई म्हणाली. “दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं.”

मला इतकी वर्षं वाटायचं, हिला कशाचीच भीती नाही.

७ मार्च, शुक्रवार

मंजूर! साडेबारा वाजता कुलसचिव स्वतः खाली आले सांगायला. एक सदस्य म्हणाले होते, चौसष्ट वर्षांची विद्यार्थिनी हे जरा दाखवण्यापुरतं वाटतं. भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुख तिथेच होत्या, त्यांनी विचारलं, तुम्ही तोंडी ईस्टर काढून दाखवता का? फादरांनी आज दोन कप चहा घेतला, पुरवणीशिवाय.

१७ मार्च, सोमवार

पहिला तास. फादर शिकवायला, मी हजेरी घ्यायला. खोलीत पंधरा खुर्च्या, एकही ओढून आणलेली नाही. पोस्टमास्तर पहिल्या रांगेत, तीन पेन खिशाला. ताई खिडकीजवळ, पांढऱ्या झग्यात, नवी कोरी वही, आणि शेजारच्या परिचारिकेला समास कुठून आखायचा ते विचारत होती.

नावं दाखल्याप्रमाणे पुकारायची असतात. एक ते चौदा झाली. पंधराव्याला मी तिचं घरचं नाव पुकारलं.

कुणीच ओ दिली नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ताईसुद्धा वळून दाराकडे बघत होती, कोण यायचं राहिलंय म्हणून. ते नाव आईनंतर मोठ्याने कुणी उच्चारलंच नव्हतं. मी पुन्हा पुकारलं, या वेळी जरा जोरात, आई अंगणातून हाक मारायची तसं.

ताईचा हात वहीवर थांबला. ती हळूहळू उठून उभी राहिली, शाळेत उभं राहायचो तशी, दोन्ही हात खाली सरळ. “हजर,” म्हणाली.

मी हजेरीपटावर खूण केली. पुढे फादरांनी सुरू करायचं, पण ती उभीच. विद्यार्थ्यांशी मी अहोजाहोने बोलते, सगळ्यांशी, नियमच आहे माझा. मला म्हणायचं होतं, बसा.

“बस गं ताई,” मी म्हटलं, आणि ती बसली.